जुन्या लॅपटॉपच्या सेलमधून ट्रेकची पॉवर बँक: जोडणी सोपी, सेल निवडणं अवघड

पन्हाळा ते पावनखिंड ही दोन दिवसांची चाल. पावसाळ्यात मसाई पठारावर धुकं उतरलं की पुढचा माणूस दिसत नाही. फोनवरचा ट्रॅक नेमका तेव्हाच लागतो आणि फोनही तेव्हाच संपलेला असतो. घरी मेलेली लॅपटॉप बॅटरी पडून असेल, तर तिच्यातून चांगली पॉवर बँक होते. पण ‘सेल काढा, जोडा, झालं’ असं जे सांगितलं जातं, ते ऐकून केलेली पॉवर बँक पहिल्याच ट्रेकला दगा देते. सर्किट बाजारात तयार मिळतं, त्यात काही बिघडत नाही. बिघडतं ते सेलच्या निवडीत.

मल्टिमीटर, ६० वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि साइड कटर घरात आहे असं धरून चालतो. विकत घ्यायचं ते असं: टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल, साडेसात ओहम ५ वॅटचा रेझिस्टर, लिथियमला चालणारा कपॅसिटी टेस्टर (सेलमधून किती चार्ज निघतो ते मोजणारा), आयपी५३०६ चिप असलेला पॉवर बँक बोर्ड (सेलचं व्होल्टेज फोनसाठी ५ व्होल्टवर नेणारा), एका सेलचा (१एस) प्रोटेक्शन बोर्ड (करंट फार वाढला की जोड तोडणारा), फिश पेपर म्हणजे वीजरोधक जाड कागदाच्या चकत्या (काही दुकानांत बार्ली पेपर म्हणतात) आणि ५० मिमीचा पातळ पीव्हीसी पाइप.

बॅटरीचं खोकं जोडावर प्लास्टिकची पट्टी घालून उघडा. स्क्रू ड्रायव्हर आत खुपसू नका, त्याचं टोक सेलमध्ये गेलं तर जाळ होतो. आत बहुधा १८६५० मापाचे सहा गोल सेल असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या. अनेकदा एकच जोडी मेलेली असते आणि तिच्यामुळे सगळी बॅटरी बाद ठरते. निकेलच्या पट्ट्या एका वेळी एकच कापा आणि प्रत्येक सेलला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर शेपूट राहू द्या. या शेपटाचं काम पुढे आहे.

आता निवड. या कामाला दोन आठवडे लागतात. शनिवारच्या ट्रेकसाठी गुरुवारी सुरुवात करणार असाल, तर सरळ तयार पॉवर बँक विकत घ्या.

पहिलं माप व्होल्टेजचं. सेल २ व्होल्टच्या खाली असेल तर बाजूला काढा, दया दाखवू नका. इतका उतरलेला सेल आतून बिघडतो. त्यातलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना भलत्याच जागी जमून आतल्या आत शॉर्ट करू शकतं. ‘हळूहळू चार्ज करून जिवंत करा’ हा सल्ला मोफत मिळतो, पण त्याचं बिल नंतर येतं. २ ते २.५ मधला सेलही मी घेत नाही.

उरलेले सेल एकेक करून टीपी४०५६ वर चार्ज करा. हे मॉड्यूल १ अँपिअर देतं, जुन्या सेलला तेवढा भार नको. त्यावरचा ‘१२२’ लिहिलेला बारीक रेझिस्टर काढून तिथे २ किलोओहमचा लावला, की करंट ५८० मिलिअँपिअरवर येतो. चार्ज होताना दर अर्ध्या तासाने सेलला हात लावा. मॉड्यूलची चिप तापते, ते ठीक आहे, कारण ५ व्होल्टमधला जादाचा भाग ती उष्णता करूनच घालवते. सेलचं अंग मात्र गार राहिलं पाहिजे. कोमट लागलं तरी चार्जिंग थांबवा, तो सेल बाद. हे काम फरशीवर करा, गादीवर किंवा लाकडी टेबलावर नको. आणि रात्री लावून झोपू नका.

सेल ४.२ पर्यंत भरला की काढून एक दिवस तसाच ठेवा. पहिल्या काही तासांत व्होल्टेज थोडं बसतं, त्याला घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या दिवशीचा आकडा कागदी टेपवर तारखेसह लिहून सेलला चिकटवा आणि दहा दिवस हात लावू नका. साध्या मीटरच्या २० व्होल्टच्या रेंजवर शेवटचा आकडा एका शतांशाचा असतो, त्यामुळे ४.१७ चा ४.१६ झाला तर तो फरक धरायचा नाही. ४.१७ चा ४.१० झाला तर सेल गळतोय. बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि तिथेच फसतात. आपण चार सेल समांतर जोडणार आहोत, म्हणजे सगळी प्लस टोकं एकत्र आणि सगळी मायनस एकत्र; व्होल्टेज एका सेलइतकंच राहतं. त्यात एक जरी गळका निघाला, तरी तो रात्रंदिवस बाकीच्या तिघांना रिकामं करत राहतो. गळती जोरात असेल, तर शुक्रवारी भरून ठेवलेली बँक पुढच्या शनिवारी पन्हाळ्याच्या वाटेवरचं वाघबीळ ओलांडायच्या आत मान टाकते.

दहा दिवसांत पास झालेल्यांची पुढची परीक्षा लोडची. मोकळ्या सेलचं व्होल्टेज लिहा, साडेसात ओहमचा रेझिस्टर लावा, दहा सेकंदांनी पुन्हा वाचा. समजा ४.१२ चं ४.०८ झालं. फरक ०.०४, त्याला ७.५ ने गुणून ४.०८ ने भागलं की सुमारे ०.०७ ओहम येतो. हा आतला रेझिस्टन्स, आणि हा सेल चांगला. ४.१२ चं ३.९७ झालं तर तोच आकडा पाव ओहमच्या वर जातो. असा सेल कपॅसिटी टेस्टमध्ये कदाचित बरा दिसेल, पण फोन जोरात चार्ज व्हायला लागला की त्याचं व्होल्टेज कोसळतं आणि आत चार्ज शिल्लक असतानाच बोर्ड बंद पडतो. थंडीत आतला रेझिस्टन्स आणखी वाढतो. माझी मर्यादा ०.१ ओहम. ०.१५ च्या वर काहीही घेऊ नका.

इथे एक चूक मीही बरेच दिवस केली. प्रोब रेझिस्टरच्या पायावर टेकवायचो. मग तारेचा आणि क्लिपचा रेझिस्टन्सही मापात येतो आणि चांगले सेल कचऱ्यात जातात. प्रोब थेट सेलच्या दोन टोकांवरच टेकवा.

कपॅसिटी टेस्टर शेवटी. कट-ऑफ, म्हणजे टेस्ट जिथे थांबते ते व्होल्टेज, ३ व्होल्टवर ठेवा. २२०० लिहिलेल्या सेलमधून १६०० मिलिअँपिअर-तास निघाले तरी समाधान माना. नवे सेल विकत घेणार असाल, तर ‘९९००’ छापलेला सेल सरळसरळ खोटा. या मापात त्याच्या निम्मीही कपॅसिटी बसत नाही. शंका आली तर काट्यावर ठेवा. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो, पोकळ माल पुष्कळदा तिशीतच राहतो.

चार सेल निवडले की ते पुन्हा पूर्ण भरा आणि जोडण्याआधी सगळ्यांचं व्होल्टेज ०.०५ च्या आत आणा. दोन सेलमध्ये अर्ध्या व्होल्टचा फरक असेल, तर जोडल्याक्षणी एकातून दुसऱ्यात चार-पाच अँपिअर धावतात.

सोल्डर सेलच्या अंगावर मारू नका. उष्णतेने आतला पडदा आणि टोपणाचं सील बिघडतं. मघाची शेपटं याचसाठी. पट्टी पॉलिश पेपरने घासा, सेलपासून लांबच्या टोकाला दोन सेकंदांत डाग द्या. हात बसलेला नसेल तर इलेक्ट्रिक दुचाकीच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडून स्पॉट वेल्डिंग करून घ्या. स्प्रिंगचे होल्डर टेबलावर ठीक, ट्रेकला नकोत. पावसाळ्यात स्प्रिंग गंजते आणि चालताना संपर्क सुटतो.

जोडण्याआधी प्लसचं टोक नीट पाहा. मधलं टोपण प्लस असतं, पण त्याच्याभोवतीची कड हे सेलचंच डबडं, म्हणजे मायनस. दोघांमध्ये एक-दोन मिलिमीटरची फट आणि कडेवर फक्त रंगीत प्लास्टिकचं पातळ आवरण. वरून गेलेली पट्टी कडेला घासत राहिली, की ते आवरण फाटतं आणि सेल शॉर्ट होतो. म्हणून प्रत्येक प्लसवर फिश पेपरची चकती. एकही सोडू नका.

पुढचं सोपं. सेलच्या गठ्ठ्यापासून प्रोटेक्शन बोर्ड, तिथून पॉवर बँक बोर्ड. प्लस-मायनस दोनदा तपासा, उलटं लागलं तर बोर्ड लगेच जळतो. प्रोटेक्शन बोर्ड बघून घ्या. ८२०५ ही करंट तोडणारी चिप एकच असलेला बोर्ड ३ अँपिअरच्या आसपास ट्रिप होतो आणि सेल उतरत आल्यावर पॉवर बँक बोर्ड ४ अँपिअरपर्यंत ओढतो. निदान अशा दोन-तीन चिपा असलेला घ्या.

पाइप १२ सेंटिमीटर कापा, गठ्ठा फोममध्ये गुंडाळून आत सरकवा. दोन्ही बाजूंची टोपणं सोल्युशन लावून चिकटवू नका. सेल बिघडला तर आतल्या वायूला बाहेर पडायला वाट हवी. टोपणं दाबून बसवा, वरून टेप.

१८०० मिलिअँपिअर-तासांचे चार सेल म्हणजे साधारण २६ वॅट-तास, बोर्डात जातात ते वजा करून २१-२२. पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असलेला फोन एकदा पूर्ण भरेल, त्याहून जास्तीची आशा नको. चालताना फोन फ्लाइट मोडवर टाका. जीपीएस तसंच चालतं, नेटवर्क शोधण्यात जाणारी बॅटरी वाचते. आयपी५३०६ चा एक खोडसाळपणा: करंट ४५ मिलिअँपिअरच्या खाली गेला की अर्ध्या मिनिटात तो स्वतःच बंद होतो. त्यामुळे घड्याळ किंवा लहान हेडटॉर्च एकटी लावली तर अर्धवटच भरते. ती फोनच्या सोबत लावा.

बाद सेलच्या दोन्ही टोकांना टेप लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका.