वर्गातील तास, गृहपाठ आणि उपक्रम यांची एकत्र आखणी कशी करावी

प्राथमिक शाळेत वर्गात एक चालते, गृहपाठाला दुसरेच दिले जाते आणि उपक्रम त्या दोन्हींशी संबंध नसलेल्या एखाद्या दिवशी उरकला जातो. मुलांचा वेळ सर्वांत जास्त वाया जातो तो इथेच. ही तिन्ही कामे एकाच घटकाभोवती आणि एकाच बैठकीत आखली, तर शिक्षकाचे काम वाढत नाही आणि मुलाला आपण काय शिकत आहोत याचा धागा सापडतो. ही आखणी कशी करावी, हे पुढे एका घटकाच्या आधारे मांडले आहे. उदाहरण म्हणून दोन अंकी संख्यांची, दशक सुटा करून करायची वजाबाकी घेतली आहे, कारण या घटकात मुले हमखास अडखळतात आणि त्यांचे अडखळणे वहीत स्पष्ट दिसते.

सुरुवात शेवटच्या टोकापासून करावी. आठवड्याच्या अखेरीस मुलाला कोणाच्याही मदतीशिवाय काय करता आले पाहिजे, ते एका वाक्यात लिहावे. ‘वजाबाकी शिकवणे’ हे शिक्षकाच्या कामाचे वर्णन झाले. ‘एककाच्या घरात वरचा अंक लहान असेल तर दशक सुटा करून वजाबाकी करता येणे आणि दशक का सुटा केला ते सांगता येणे’ हे मुलाच्या क्षमतेचे वर्णन आहे, आणि आखणीला तेच लागते. हे वाक्य लिहून झाले की गृहपाठातील शेवटचे, सर्वांत अवघड उदाहरण आधी ठरवावे, तिथपर्यंत पोहोचण्यासाठी वर्गात काय व्हायला हवे ते मग ठरवावे आणि उपक्रम त्यानंतर निवडावा.

तासाची रचना

५३ वजा २७ हे उदाहरण घेऊ. प्रत्येक जोडीला दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या द्याव्यात आणि सत्तावीस काड्या बाजूला काढायला सांगावे. दोन गठ्ठे सहज बाजूला निघतात, पण सात सुट्या काड्या मिळत नाहीत. या ठिकाणी शिक्षकाने काहीही सुचवू नये. थोड्याच वेळात कोणीतरी गठ्ठ्याला हात घालते आणि ‘हा सोडू का?’ असे विचारते. तो प्रश्न मुलाकडून आला की घटकाचा गाभा मुलाच्या हाती आला. गठ्ठा सोडला की तेरा सुट्या होतात आणि उभे गठ्ठे एकाने कमी होतात. दुसऱ्या दिवशी हेच काम चित्राने करावे : गठ्ठ्यासाठी उभी रेघ, सुट्या काडीसाठी ठिपका, सुटा केलेल्या रेघेवर काट. त्यानंतरच अंकांची उभी मांडणी फळ्यावर यावी, आणि तीही काही दिवस चित्राच्या शेजारीच. जेरोम ब्रूनर यांनी १९६६ मध्ये कृती, चित्र आणि चिन्ह असे आकलनाचे जे तीन प्रकार मांडले, त्यांचा हा क्रम आहे. अभ्यासक्रम मागे पडतो म्हणून थेट चिन्हांपाशी जाण्याचा मोह होतो, परंतु तसे वाचवलेले दोन दिवस पुढे महिनाभर दुरुस्तीत जातात.

प्रश्न विचारण्याची रीतही आखणीतच बसवावी. मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे त्यांना आढळले. हा विराम तीन सेकंदांपर्यंत वाढवला की उत्तरे लांब आणि सकारण होतात व एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात, हेही त्यांनी दाखवले. म्हणून प्रश्न आधी विचारावा, मनात तीन अंक मोजावेत, मुलांना शेजाऱ्याशी बोलू द्यावे आणि मग एकाचे नाव घ्यावे. नाव आधी घेतले तर बाकीचा वर्ग त्याच क्षणी विचार करणे थांबवतो. आधी स्वतः विचार, मग जोडीत चर्चा, मग सर्वांसमोर मांडणी ही पद्धत फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडली. पहिली-दुसरीच्या वर्गातही ती उत्तम चालते, फक्त जोडीत कोण आधी बोलणार ते ठरवून द्यावे लागते.

तासाची शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत. त्या वेळात प्रत्येक मुलाने एकच उदाहरण चिठ्ठीवर सोडवून द्यावे. कोणते उदाहरण द्यायचे, याचा विचार मात्र नीट करावा. समजा ५२ वजा २७ दिले. काही मुले लहान अंक मोठ्या अंकातून वजा करायचा एवढेच लक्षात ठेवतात. ती एककाच्या घरात सातातून दोन काढतात आणि ३५ लिहितात. काही मुले दशक सुटा करतात, पण वरच्या पाचाचे चार करायचे विसरतात. त्यांचेही उत्तर ३५ येते. चूक दोन प्रकारची, उत्तर एकच, त्यामुळे चिठ्ठीतून शिक्षकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी ५३ वजा २७ दिले तर पहिल्या प्रकारच्या मुलाचे उत्तर ३४ येते, दुसऱ्याचे ३६ आणि बरोबर उत्तर २६. मुले दप्तर भरत असतानाच चिठ्ठ्यांचे तीन गठ्ठे होतात. यातल्या बहुतेक चुका निष्काळजीपणाच्या नसतात. मुलाने स्वतः बनवलेला एक नियम ते प्रामाणिकपणे पाळत असते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतील अशाच ठरावीक चुकांचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले. ‘नीट लक्ष दे’ असे सांगून हा नियम जात नाही, तो ओळखून दुरुस्त करावा लागतो.

गृहपाठ

गृहपाठ आधी तयार करावा, पण कोणाला कोणता द्यायचा हे चिठ्ठ्या पाहून ठरवावे. ३४ उत्तर आलेल्या मुलांना तीनच उदाहरणे, प्रत्येकाचे रेघा आणि ठिपक्यांचे चित्र काढून करायला द्यावीत. ३६ उत्तर आलेल्यांना दशकाचा जुना अंक खोडून नवा अंक त्याच्यावर लिहिण्याची सक्ती करावी. बरोबर उत्तर आलेल्यांना मिश्र उदाहरणे द्यावीत : काही दशक सुटा करण्याची, एकदोन ४८ वजा २३ यांसारखी दशक सुटा न करता सुटणारी, आणि एखादे मागच्या महिन्यातील हातच्याच्या बेरजेचे. सर्व उदाहरणे एकाच छापाची असली की मूल पहिल्या उदाहरणानंतर विचार करणे सोडून हात चालवत राहते. मिश्र उदाहरणांत प्रत्येक वेळी ‘इथे दशक सुटा करायचा की नाही’ हे त्याला ठरवावे लागते, आणि खरा सराव त्या ठरवण्याचा असतो. जुने उदाहरण मिसळण्याचे कारणही पक्के आहे. हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवले की शिकलेले सुरुवातीलाच वेगाने विसरले जाते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा कमी श्रमात टिकते.

गृहपाठ किती असावा, यावर पालक आणि शिक्षक दोघांचीही मते टोकाची असतात. हॅरिस कूपर यांनी १९८९ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये सहकाऱ्यांसह उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. माध्यमिक वर्गांत गृहपाठ आणि प्रगती यांचा संबंध ठळक दिसला, पण प्राथमिक वर्गांत तो अगदी क्षीण होता. इयत्तेगणिक दहा मिनिटे, म्हणजे पहिलीला दहा आणि चौथीला चाळीस, हे प्रमाण कूपर यांच्या नावाशी जोडले जाते आणि ते सर्व विषयांचे मिळून आहे. एकाच शाळेत तीन विषयांचे तीन शिक्षक असतील तर त्यांनी आपसांत बोलून वार वाटून घेणे आवश्यक आहे. नाहीतर प्रत्येकाची ‘फक्त पंधरा मिनिटे’ मुलाच्या संध्याकाळी एकत्र येतात. माझ्या मते या वयात गृहपाठाचे काम दोनच आहे : वर्गात जमलेली गोष्ट हातात पक्की होणे आणि ठरलेल्या वेळी एकट्याने बसण्याची सवय लागणे. नवा भाग गृहपाठातून शिकवू नये.

भाषेच्या गृहपाठात ‘चुकलेले शब्द दहा वेळा लिहा’ ही प्रथा मोडण्याची गरज आहे. ‘पुस्तक’ हा शब्द दहा वेळा लिहायला दिलेल्या मुलाची वही जवळून पाहावी. ते आधी एकाखाली एक दहा ‘पु’ लिहिते, मग दहा ‘स्त’, मग दहा ‘क’. पान भरते, पण पूर्ण शब्द एकदाही मनातून उमटत नाही. त्याऐवजी शब्द पाहावा, मोठ्याने वाचावा, हाताने झाकावा, आठवून लिहावा आणि हात काढून स्वतः तपासावा. पाच शब्दांसाठी असे दोनदोन वेळा केले तरी पुरते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत, पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून मांडल्याने काही दिवसांनंतर अधिक लक्षात राहते असे दिसले. लहान मुलांच्या शब्दलेखनातही या रीतीचा उपयोग ठळकपणे जाणवतो.

उपक्रम

उपक्रम निवडताना एकच प्रश्न विचारावा : हे करत असताना मुलाचे डोके कशावर चालेल? चकचकीत कागदाचे अंक कापून चिकटवताना डोके कात्री आणि डिंकावर चालते. हस्तकलेच्या तासाला ते योग्यच आहे, पण त्यातून वजाबाकी येत नाही. वजाबाकीसाठी एक साधा खेळ पुरतो. दोघांच्या जोडीत एकाकडे दहाच्या काड्यांचे पाच गठ्ठे, दुसरा पेढीवाला. फासे दोन टाकायचे, येईल तितक्या काड्या पेढीवाल्याला द्यायच्या. सुट्या नसतील तर गठ्ठा सोडायचा, आणि प्रत्येक डावानंतर किती उरल्या ते वजाबाकी मांडून लिहायचे. पेढीवाल्याने काड्या मोजून वहीतील उत्तराशी ताळा करायचा. एका खेळात मूल चारपाच वेळा तरी गठ्ठा सोडते, आणि दर वेळी ते त्याच्या गरजेपोटी घडते. घरून प्रतिकृती करून आणण्याचे प्रकल्प या वयात देऊ नयेत. ते बहुधा मोठी माणसे करतात आणि ज्या घरी वेळ किंवा पैसा नाही त्या मुलाला वर्गासमोर उगाच खाली पाहावे लागते.

सूचना साहित्य वाटण्याआधी द्याव्यात. हातात काड्या आल्या की कान बंद होतात. सूचना सांगून झाली की एखाद्या मुलाकडून ती वदवून घ्यावी आणि मगच वाटप करावे. गट चौघांपेक्षा मोठा करू नये. सहा जणांच्या गटात दोघे काम करतात आणि उरलेले पाहत बसतात.

तपासणी

दुसऱ्या दिवशी जो गृहपाठ उघडला जाणार नाही तो देऊच नये, इतके हे काम महत्त्वाचे आहे. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फक्त शेरा मिळालेल्या मुलांची प्रगती झाली, पण फक्त गुण किंवा गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांची तशी झाली नाही. गुण दिसले की शेऱ्याकडे लक्ष जात नाही. शेरा मात्र पुढचे पाऊल सांगणारा हवा. ‘छान’ किंवा ‘सुधारणा हवी’ यांतून मुलाला काहीच करता येत नाही. ‘दशक सुटा केलास, पण वरचा पाच तसाच राहिला. तिसरे उदाहरण पुन्हा कर’ हा शेरा उपयोगी आहे, आणि ते उदाहरण पुन्हा करण्यासाठी तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे वर्गातच द्यावीत. मोठ्या वर्गात रोज सर्व वह्या तपासणे अशक्य असते. रोज एकतृतीयांश वह्या स्वतः पाहाव्यात आणि उरलेल्या जोडीदाराने फळ्यावरील उत्तरांशी ताडून पाहाव्यात, म्हणजे तीन दिवसांत प्रत्येक वही शिक्षकाच्या नजरेखालून जाते.

पालकांशी वर्षाच्या सुरुवातीलाच स्पष्ट बोलावे. घरी कोणी शिकवणे अपेक्षित नाही. मुलाला ठरलेली वेळ आणि बसायला जागा मिळावी, आणि झाल्यावर ‘हे कसे केलेस ते मला सांग’ एवढे विचारावे. ज्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही त्या पालकांनाही हे जमते. मूल अडले तर उत्तर सांगू नये. अडलेल्या उदाहरणाशेजारी समासात गोल काढून ते सोडून द्यावे. शिक्षकासाठी तो गोल बरोबर उत्तराइतकाच उपयोगी असतो, हे मुलांनाही सांगून ठेवावे. गृहपाठ सतत राहत असेल तर मुलाला वर्गासमोर उभे करू नये, एकट्याला विचारावे. बहुतेक वेळा कारण आळसाचे नसते : घरात जागा नसते, धाकट्या भावंडाला सांभाळायचे असते किंवा काय करायचे तेच नीट लिहून घेतलेले नसते. अशा मुलासाठी शाळेतच, मधल्या सुट्टीला हात न लावता, परिपाठाआधीची दहा मिनिटे ठरवून द्यावीत आणि त्याची उदाहरणे अर्धी करावीत. शिक्षा म्हणून जादा गृहपाठ मात्र कोणालाही, कोणत्याही कारणाने देऊ नये.