गावठी मादी आणि न्यूझीलंड व्हाइट नर: इंदूरच्या हवेत सशांचा संकर कसा करावा

आधी एक गैरसमज. संकरासाठी 'गावठी' म्हणजे घरोघरी पाळला जाणारा लहान ससा. शेतातला रानससा नव्हे. रानससा पकडून पाळीव मादीला लावा, पिल्लं काटक होतील, हा सल्ला माळव्यात अजून फिरतो आणि तो साफ खोटा आहे. रानसशाची गुणसूत्रं ४८, पाळीव सशाची ४४. पिल्लं होतच नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानससा पकडणं गुन्हा आहे.

पिंजरे, पाणी, बरसीमचा चारा, दाणा ही तयारी झालेली आहे असं धरतो. मादी निवडा ती गावठी, सहा महिन्यांच्या पुढची, दोन किलोपेक्षा कमी नसलेली, शक्यतो एकदा व्यालेली. नर न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला या परदेशी जातींचा, सात-आठ महिन्यांचा, चार किलोच्या आसपासचा. ग्रे जायंट या आणखी मोठ्या जातीचा धिप्पाड नर लहान मादीवर घालू नका. पोटात दोन-तीनच पिल्लं राहिली तर ती मोठी होतात, अडतात आणि मादी हातची जाते.

नर परदेशी आणि मादी गावठी, हाच क्रम का? एक नर आठ-दहा माद्यांना पुरतो, म्हणजे महाग जनावर एकच घ्यावं लागतं. गावठी मादी इथला मे महिना सोसते. उलटा संकर केला तर परदेशी आईच्या दुधावर पिल्लं सुरुवातीला जास्त भरतात हे खरं. पण पत्र्याखाली दहा परदेशी माद्या उन्हाळ्यातून काढणं मी कोणालाही सुचवणार नाही.

आता खरा अवघड टप्पा: मादी भरवणं, म्हणजे तिला नर लावणं. मला सर्वांत जास्त दमवलं ते यानेच.

वेळ आधी बघा. इंदूरची रात्र कितीही गार असो, एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळीशीला जातो आणि तापमान तिशीच्या वर टिकलं की नराचं वीर्य बिघडतं. सशात नवं वीर्य तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात. त्यामुळे मेमध्ये होरपळलेला नर जूनच्या पहिल्या पावसात ताजातवाना दिसला, मादीवर चढला, तरी मादी रिकामीच राहते. मग लोक मादीला दोष देतात आणि विकून टाकतात. दोष तिचा नसतो. नवरात्रापासून रंगपंचमीपर्यंत माद्या भरवा. उन्हाळ्यात नराला सावली, वारा आणि विश्रांती द्या, आणि पावसाळ्यात ऑगस्टच्या आधी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

भरवताना मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. उलट कधीही नाही. मादीला आपली जागा राखायची असते. नर तिथे सोडला तर ती त्याला फाडते, आणि एकदा चावा बसलेला नर पुढे बिचकतो. नेण्याआधी तिच्या शेपटीखाली बघा: योनी फिकट असेल तर परत ठेवा, लालसर आणि ओलसर असेल तरच न्या. सशाच्या मादीला गाईसारखा ठरावीक माज नसतो. बीज सुटतं ते संबंधानंतर साधारण दहा तासांनी. म्हणून मी सकाळी गारव्यात एकदा आणि त्याच संध्याकाळी पुन्हा भरवतो. नर एका बाजूला कोसळला की काम झालं. मादी कोपऱ्यात दबून बसली, शेपूट आवळून राहिली, तर पाच मिनिटांत काढा. हाताने धरून जबरदस्ती करू नका. नर-मादीचे पिंजरे एका रात्रीपुरते अदलाबदल करा, एकमेकांच्या वासाने बऱ्याच माद्या दुसऱ्या सकाळी तयार होतात. त्याउपर नाही म्हणणारी मादी बहुधा लठ्ठ असते. तिचा दाणा कमी करा, चारा वाढवा.

मादी गाभण राहिली का ते बघायला तिला पुन्हा नराकडे नेणं हा आणखी एक निरुपयोगी सल्ला. गाभण मादीही नर घेते. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट हलक्या हाताने चाचपा: द्राक्षाएवढ्या मऊ, बोटांतून निसटणाऱ्या गाठी लागतात. कडक आणि पाठीच्या कण्याजवळ लागतात त्या लेंड्या. बोट दाबायचं नाही, गर्भ फुटतो. हे शिकायला महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या जाणकाराचा हात एकदा पाहिलेला बरा.

सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्लांसाठी पेटी आणि गवत ठेवा, त्याआधी नको. लवकर ठेवली तर मादी पेटीतच लेंड्या टाकते. एकतिसाव्या दिवसाच्या आसपास मादी विते. दोन माद्या एकाच दिवशी भरवलेल्या असतील तर जास्तीची पिल्लं पहिल्या दोन-तीन दिवसांत दुसरीकडे सरकवता येतात. आई दिवसातून एकदाच, काही मिनिटं दूध पाजते; उपाशी ठेवते म्हणून घाबरू नका, पोटं गोल आहेत ना ते बघा. सहाव्या आठवड्यात पिल्लं तोडा, म्हणजे आईपासून वेगळी करा.

तोडताना आणि बाराव्या आठवड्यात प्रत्येक पिल्लाचं वजन करून लिहा, शेजारी शुद्ध गावठी पिल्लांचंही. अंदाजाने 'वाढ चांगली आहे' म्हणण्यात अर्थ नाही.

आणि सगळ्यात जास्त नुकसान होतं ते यानंतर. पहिल्या पिढीची भरलेली पिल्लं पाहून लोक त्यांच्यातलाच नर राखतात आणि बहिणींवर घालतात. संकराचा जोम, म्हणजे दोन वेगळ्या जाती एकत्र आल्याने मिळणारी जास्तीची वाढ आणि काटकपणा, पहिल्या पिढीत पूर्ण असतो, संकरित जनावरं आपसात लावली की तो निम्म्यावर येतो. एकाच वेतात एक पिल्लू आजीएवढं, एक आजोबाएवढं निघतं. भावाबहिणीचं रक्त एकत्र आल्याने आणखी घसरण होते ती वेगळीच. संकरित नर एकही राखू नका, कितीही देखणा असो. संकरित माद्या जरूर राखा, पण त्यांना बापाकडे नेऊ नका; दुसऱ्या ठिकाणाहून आणलेला परदेशी नर लावा आणि पाऊणभर परदेशी रक्तावर थांबा. त्यापुढची पिल्लं इथल्या उन्हाळ्यात धापा टाकतात. गावठी माद्यांचा एक छोटा शुद्ध कळप मात्र वेगळ्या पिंजऱ्यांत कायम ठेवा, कारण पुढची पहिली पिढी त्यांच्याकडूनच घ्यायची आहे.