जागतिक बँकेच्या प्रकल्पाविरुद्ध तक्रार कशी करावी

आधी मूळ कागद मिळवा. बँकेच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या नावाने शोधा. मूल्यांकन अहवाल आणि पुनर्वसन आराखडा उतरवून घ्या. सरकारने कबूल काय केलं, ते तिथे लेखी असतं. प्रत्यक्षात काय झालं, यासाठी १० रुपयांचा माहिती अधिकार अर्ज. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा. ‘सर्व माहिती द्या’ असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघमच येतं. अमुक गावाची लाभार्थी यादी, वाटपाच्या तारखा असं नेमकं मागा.

मग बँकेच्या दिल्ली कार्यालयाला ईमेल करा. ही पायरी गाळू नका: व्यवस्थापनाला आधी कळवल्याचा पुरावा नसेल, तर तपासणी पॅनेल (बाधित लोकांच्या तक्रारी ऐकणारी बँकेचीच स्वतंत्र यंत्रणा) तक्रार नोंदवत नाही. तक्रारदार किमान दोन, बाधित भागातले हवेत. ठरावीक फॉर्म नाही, पत्र मराठीतही चालतं, नावं गुप्त ठेवता येतात. अलीकडच्या प्रकल्पांत कर्ज बंद झाल्यावर १५ महिन्यांपर्यंतच दार उघडं असतं.

बहुतेक पत्रं फसतात ती एकाच जागी. पॅनेल बँकेची चूक तपासतं, कलेक्टरची नव्हे. त्यामुळे ‘भ्रष्टाचार झाला’ असं न लिहिता बँकेने स्वतःचा कोणता नियम पाळला नाही आणि त्यातून तुमचं काय नुकसान झालं, ते जोडून दाखवा. टेंडरच्या तक्रारी इथे घेत नाहीत.

मुंबई शहरी वाहतूक प्रकल्पातल्या विस्थापित दुकानदारांनी २००४ मध्ये हीच वाट धरली. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचे पैसे काही महिने रोखले.