रस्ता पहिल्याच पावसात उखडला? नगरपालिकेकडून कागद असे काढा

डांबर वाहून गेलं की आपण नगरसेवकाला फोन करतो, खड्ड्याचे फोटो ग्रुपवर टाकतो आणि 'सगळे मिळून खातात' म्हणत गप्प बसतो. पण खाल्लं असेल तर ते बऱ्याचदा कागदावर दिसतं. तो कागद मागायचा हक्क माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने आपल्याला दिला आहे.

सगळ्यात जास्त डोकं अर्जाच्या मजकुरावर चालवा. 'रस्ता इतका निकृष्ट का झाला, जबाबदार कोण?' असं विचारलंत की अर्ज निकाली निघालाच म्हणून समजा. आणि कायद्याने अधिकारी बरोबरच ठरतो, कारण दप्तरी जे आहे तेवढंच द्यायचं, खुलासे किंवा मतं देणं बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय. तेव्हा 'का' गाळा आणि दस्तऐवजांची नावं घ्या. साधारण असं:

'अमुक चौक ते अमुक शाळा या रस्त्याच्या डांबरीकरणाचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारनामा, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने, अदा केलेली देयके आणि गुणवत्ता चाचणी अहवाल यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. कालावधी: १ एप्रिल २०२३ ते आजपर्यंत.'

यातली मोजमाप पुस्तिका सोडू नका. अभियंते तिला 'एमबी' म्हणतात. रस्त्याची लांबी, रुंदी, थराची जाडी, मोजणीची तारीख आणि मोजणाऱ्याची सही, सगळं तिच्यात असतं आणि बिल तिच्यावरूनच निघतं. एमबीत डांबरी थर ५० मिमी लिहिलाय आणि खड्ड्याच्या कडेला पट्टी लावली तर जेमतेम २० भरतो, एवढं दाखवता आलं की पुढचं भांडण सोपं. करारनाम्यात दोषदायित्व कालावधी बघा. तो संपला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराने पदरमोड करून करायची असते. वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुनेसुद्धा याच कायद्याने मागता येतात, फारसं कोणी मागत नाही.

आता अर्जाचं. महाराष्ट्रात तो 'जोडपत्र अ' या ठरलेल्या नमुन्यात करायचा, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. एका अर्जात एकच विषय, मजकूर साधारण १५० शब्दांत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत जोडायची. 'कशाला हवंय हे?' असं खिडकीवर विचारतीलच. कारण सांगायची सक्ती नाही, कलम ६(२) बघा म्हणावं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. काम बांधकाम खात्याचं निघालं, तर अर्ज ५ दिवसांत तिकडे वर्ग करणं त्यांचं काम, तुमचं नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस, प्रती २ रुपये पान. मुदत टळली तर प्रती फुकट. उत्तर आलंच नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील: 'जोडपत्र ब', २० रुपयांचा स्टँप. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. तिथेही टोलवलं तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. तिथे तारीख लागायला वेळ जातो, तयारी ठेवा. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड आयोग करू शकतो, आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून.

'ठेकेदाराची वैयक्तिक माहिती आहे' हे ठरलेलं उत्तर. सार्वजनिक पैशाचं बिल वैयक्तिक कसं, हे अपिलात विचारा आणि व्यापक जनहितासाठी कलम ८(२)चा आधार घ्या.

कागद हाती आले की त्यांच्या प्रती जोडून मुख्याधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार. पैसे खाल्ल्याचं दिसत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, फोन १०६४.

एक मात्र विसरू नका. माहिती अधिकार वापरून जमिनींचे घोटाळे बाहेर काढणारे तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. समोरचं प्रस्थ मोठं असेल तर तोच अर्ज चार-पाच जणांनी वेगवेगळा टाकावा. अर्जदार गावातलाच हवा असं नाही, कोणीही भारतीय नागरिक चालतो. आणि प्रती मिळाल्या त्याच दिवशी स्कॅन करून दहा ठिकाणी पाठवून द्या.