आयटीतली नोकरी सांभाळून ज्युदोची बॅच कशी चालवावी

बॅच सकाळचीच घ्या. कोचिंग सुरू करू पाहणाऱ्या आयटीतल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते. मी हिंजवडीत बॅकएंड डेव्हलपर आहे आणि वाकडला मुलांना ज्युदो शिकवते. क्लायंट अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा असेल, तर त्यांची सकाळी नऊची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला असते. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की तीच साडेसातला येते आणि मार्चपर्यंत तिथेच राहते. म्हणजे संध्याकाळी सातची बॅच वर्षभर अडचणीत. सकाळी सहा ते सव्वासात मात्र कुणी कॉल लावत नाही.

प्रश्न उरतो ऑन-कॉलच्या आठवड्याचा. रात्री तीनला सर्व्हर पडला, तर सहाला मॅटवर उभं राहणारं दुसरं कुणीतरी हवंच. अठरा पूर्ण झालेल्या एखाद्या जुन्या विद्यार्थ्याला वॉर्म-अप आणि पडण्याचा सराव घ्यायला तयार करा, आणि त्याला मानधन द्या. नवीन डाव आणि रांदोरी (जोडीदाराशी मोकळी लढत) तुम्ही असाल त्याच दिवशी.

ऑफर लेटरमधलं दुसऱ्या कामाबद्दलचं कलम वाचा आणि एचआरकडून ईमेलवर परवानगी घ्या. तोंडी होकार पुरत नाही. फी घेणार असाल तर पगारदारांचा साधा आयटीआर-१ चालणार नाही, सीएला विचारा. पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षकांसाठीचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करायचा असेल, तर रजा आतापासून साठवा.

जागा लहान असली तरी चालेल. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोच्या एइशोजी मंदिरात बारा तातामींच्या (जपानी चटयांच्या) जागेत कोदोकान ही ज्युदोची पहिली शाळा सुरू केली, आणि त्याच काळात ते गाकुशुइन या शिक्षणसंस्थेत शिकवण्याची नोकरीही करत होते. आपली विद्या नोकरीसोबतच वाढली आहे, याचा मला फार आधार वाटतो. मॅटमध्ये मात्र काटकसर नको. कराटेच्या 20-25 मिलिमीटरच्या मॅटवर मुलांना फेकू नका, किमान 40 हव्यात. पालकांना बसायला कडेला खुर्च्या ठेवा, दार उघडं ठेवा. मूल डोक्यावर आपटलं तर त्या दिवशी त्याचा सराव संपला आणि डॉक्टरांकडे जायचं, मग ते कितीही म्हणो, "ताई, मी ठीक आहे."

आता शिकवण्याबद्दल, कारण डेव्हलपरची खरी कसोटी इथेच लागते. कोड रिव्ह्यूत आपण दिसतील तेवढ्या चुका लिहून टाकतो आणि समोरचा त्या एकेक करून दुरुस्त करतो. दहा वर्षांच्या मुलाला एका दमात चार सूचना दिल्या तर तो जागच्या जागी थिजतो. ओ-सोतो-गारी घ्या, म्हणजे जोडीदाराचा पाय बाहेरून मागून झाडून त्याला पाठीवर पाडायचा डाव. नवीन मूल लांबूनच उजवा पाय मारतं, त्यामुळे त्याचं डोकं मागे जातं, पकड सुटते आणि तेच उलटं पडतं. दिसतात तीन चुका, पण मूळ एकच: डावा पाय जोडीदाराच्या उजव्या पायाशेजारी पोचलेलाच नाही. मॅटवर खडूने खूण करा आणि एवढंच सांगा, "डावा पाय इथे." पाय जागेवर पडू लागला की छाती आपोआप भिडते आणि पकडही टिकते. बगचं मूळ शोधायची आपली सवय इथे कामी येते, फक्त बोलायचं कमी. आणि हे सगळं उकेमी, म्हणजे सुरक्षित पडणं, पक्की झाल्यावरच: हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या पट्ट्यावर, हाताचा फटका मॅटवर. मुलं कंटाळतात, पालक "डाव कधी?" विचारतात, तरी घाई करू नका.

स्वतःची बोटंही सांभाळा. ज्युदोगीची (ज्युदोच्या जाड पोशाखाची) पकड धरून सांधे सुजतात आणि दुपारी कीबोर्डवर ते जाणवतं. झिंक ऑक्साइडची अरुंद टेप सांध्याच्या वर एक वेढा, खाली एक वेढा आणि मध्ये फुली अशी बांधा. बोट वाकलं पाहिजे. प्रत्येक मुलासाठी स्वतः पडून दाखवायची गरज नसते, ते काम सहायकाला द्या.

जिल्हा स्पर्धेची तारीख कळली की त्याच दिवशी टीमच्या कॅलेंडरवर टाका. वजनं सकाळी लवकर होतात, त्यामुळे आदल्या रात्रीचं रिलीज सहकाऱ्याकडे द्या आणि त्याच्या दिवाळीतल्या ऑन-कॉलची पाळी तुम्ही घ्या.