जुन्या रिव्हॉल्व्हरची नळी बदलताना या चुका टाळा

वागळे इस्टेटच्या टूलरूममध्ये माझी सत्तावीस वर्षं गेली. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, तिथे रोजचंच. बाबांच्या मागे त्यांचं डॅन वेसन रिव्हॉल्व्हर माझ्या लायसन्सवर चढलं, तेव्हा कळलं की हे शस्त्रही त्याच गेजवर चालतं.

स्मिथ अँड वेसन या रिव्हॉल्व्हर कंपनीच्या एका संस्थापकाच्या पणतवाने, डॅनियल वेसनने, डॅन वेसन ही कंपनी १९६८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला काढली. बहुतेक इतर रिव्हॉल्व्हरची नळी फ्रेममध्ये जाम बसवलेली असते. इथे बारीक नळी आट्यांवर फिरवून बसवतात, वरून कवच चढवतात आणि तोंडाशी नट आवळतात. नट आवळला की नळी दोन्ही टोकांना ताणली जाते, म्हणूनच या रिव्हॉल्व्हरचा नेम एवढा चांगला. अडीच, चार, सहा, आठ इंच, हवी ती नळी लावा.

पानाही लागायच्या आधी सिलिंडर, म्हणजे काडतुसांची फिरती चक्री, उघडा, सहाही घरं डोळ्यांनी बघा, मग बोट फिरवून बघा. काडतुसं त्या खोलीतसुद्धा नकोत.

नेहमीची चूक म्हणजे नळी अंदाजाने बसवणं. नळीचं मागचं टोक आणि सिलिंडरचं तोंड यांच्यात जी फट राहते, तीच सगळं ठरवते. डॅन वेसनच्या मॉडेल १५ साठी कारखान्याचं गेज सहा थाऊचं (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. दोन वर्षांपूर्वी आर्मररकडे, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, बसलो असताना मीच हट्ट धरला, "चार थाऊ ठेवा, घट्ट बरं." टूलरूमची सवय, दुसरं काय. रेंजवर पहिल्या दोन फेऱ्या सुरेख गेल्या. चौथ्या फेरीला ट्रिगर अर्ध्यावर अडला. सिलिंडर तापून फुगला होता, तोंडावर काजळी साचली होती आणि चार थाऊची फट संपली होती. नळी रेंजच्या दिशेनेच ठेवून वीस मिनिटं थांबलो, तेव्हा कुठे सिलिंडर फिरला. फट जास्त ठेवली तर उलटा त्रास होतो. गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात, शेजारच्या नेमबाजाला लागतात.

गेज एकाच घरासमोर लावून थांबू नका. सिलिंडरचं तोंड सगळीकडे एका पातळीत असेलच असं नाही, म्हणून सहाही घरं फिरवून सगळ्यात उंच जागेवर सहा थाऊ धरा. नट आवळताना आट्यांमधली ढील निघते आणि नळी किंचित पुढे सरकते, त्यामुळे आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. नट हातानेच आवळून सोडला तर गोळीबारात नळी सैल होते आणि कागदावर भोकं पसरायला लागतात. नेम बिघडला म्हणून साइट फिरवत बसण्याआधी नट तपासा. आणि आटे बसले म्हणजे नळी त्याच बोअरची झाली, असं समजू नका. नळीवर कोरलेले आकडे वाचल्याशिवाय ती लावायची नाही.

सिलिंडर अडकला की सगळे फटीलाच दोष देतात. माझ्या पाहण्यात बऱ्याचदा दोषी असतो तो मागचा तारा, रिकामी काडतुसं ढकलणारा. न जळलेल्या दारूचा एखादा दाणा त्याच्याखाली गेला की तारा केसभर उचलला जातो आणि सिलिंडर घासतो. म्हणून काडतुसं काढताना नळीचं तोंड वर करा, म्हणजे दाणे खाली पडतात. जुन्या टूथब्रशने ताऱ्याखालून दोनदा झाडून घ्या. एवढं करूनही अडत असेल तर ताऱ्याचा दांडा सैल झालाय का बघा, फटीकडे त्यानंतर वळा.

पिस्तुलाची सवय असलेले डावा अंगठा पुढे टेकवतात. इथे तो थेट फटीशेजारी येतो आणि तिथून सुटणारा वायू कातडी फाडतो. अंगठे मागेच हवेत. या रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर उघडायचा खटकाही आपल्या ओळखीच्या जागी नाही, तो सिलिंडरच्या पुढे डावीकडे असतो आणि खाली दाबावा लागतो. सिनेमातल्यासारखा मनगटाच्या झटक्याने सिलिंडर बंद करू नका, त्याचा आधार वाकतो. आधार वाकला की फट एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी.

गोळी सुटल्याचा आवाज फुसका आला, धक्का कमी बसला, तर लगेच थांबा. गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढची झाडली तर नळी फुटते.

ट्रिगर हलका व्हावा म्हणून स्प्रिंग कापणाऱ्यांशी मी कायम वाद घालतो. घाव हलका बसतो, काडतूस पेटत नाही, आणि कापलेली स्प्रिंग पुन्हा लांब होत नाही. ट्रिगर हलकाच हवा असेल तर आतली जुनी चिकट ग्रीस काढून घ्या, निम्मं काम त्यातच होतं.

हे सगळं परवानाधारक आर्मररच्या टेबलावर करायचं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार विनापरवाना दुरुस्ती किंवा रूपांतर करता येत नाही, आणि नळी कापून आखूड करणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. त्याच कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच धरलेत, त्यामुळे जादा नळी घेण्याआधी लायसन्स शाखेला लेखी विचारा. ठाणे आणि नवी मुंबई ही दोन वेगळी आयुक्तालयं आहेत. ऐरोलीत राहून ठाण्यात अर्ज दिलात तर फेरी फुकट जाईल.

पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवू नका. ते ओल धरतं आणि नळीच्या कवचाखाली, जिथे नजर जात नाही, तिथे गंज चढतो. जूनमध्ये आणि सप्टेंबरच्या शेवटी कवच काढून आतून तेलाचं फडकं फिरवून घ्या. कवच काढलंच आहे, तर परत चढवताना फट पुन्हा मोजून घ्या.