खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आजी भलतंच बोलू लागली? या चुका टाळा

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती ७९ वर्षांची होती. दुसऱ्या रात्री तिला सलाईनच्या नळीत साप दिसला आणि मला ती ‘अक्का’ म्हणू लागली. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण, वारून वीस वर्षं झालेली. मी धावत सिस्टरांकडे गेले. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? ‘‘चष्मा कुठंय आजींचा?’’ चष्मा माझ्या पर्समध्ये होता. हरवू नये म्हणून रुमालात गुंडाळून ठेवलेला.

याला डिलिरियम म्हणतात. आपण म्हणतो भ्रम झाला, नाहीतर भुलीचं औषध डोक्यात गेलं. सकाळी नीट बोलणारं माणूस संध्याकाळी घरच्यांना ओळखत नाही, हा चढउतार ही त्याची खूण. हे वेड नव्हे, आणि बऱ्याच जणांच्या बाबतीत टाळता येतं.

चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी थिएटरमध्ये नेण्याआधी काढायला लावतात, ते बरोबरच आहे. चूक होते ती नंतर. दिसत नाही, ऐकू येत नाही, वर खोली अनोळखी. मग मेंदू उरलेलं स्वतःच रचतो. पेशंट खोलीत आला की पहिल्या तासातच या वस्तू मागून घ्या. मशीनचे सेल आदल्या दिवशीच बदला.

‘‘पूर्ण भूल नको, कमरेतच इंजेक्शन द्या,’’ असा हट्ट बरेच नातेवाईक धरतात. मीही धरला होता. खुब्याचं हाड मोडलेल्या १६०० रुग्णांवर अमेरिका-कॅनडात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. भ्रमाचं प्रमाण स्पायनलमध्ये, म्हणजे कमरेतल्या इंजेक्शनने, २०.५ टक्के आणि जनरलमध्ये, म्हणजे पूर्ण भुलीत, १९.७. म्हणजे फरक नाहीच. तो निर्णय भूलतज्ज्ञांवर सोडा आणि तुमचा हट्ट औषधांच्या यादीसाठी राखून ठेवा.

ती यादी आपण अर्धवट सांगतो. रोजची झोपेची गोळी ‘औषध’ वाटत नाही म्हणून राहून जाते, आणि बाबांची रोजची दारू लाजेपोटी लपवतो. दोन्ही अचानक बंद झाल्या की दोन-तीन दिवसांत माणूस थरथरतो, बरळतो. ते जिवावर बेतू शकतं. लाज बाजूला ठेवा, भूलतज्ज्ञांना एकटं गाठून सांगा.

याच्या उलट चूक रात्री अकराला होते. ‘‘झोपत नाहीये, काहीतरी द्या ना.’’ पूर्वी कधी न घेतलेली अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी किंवा एव्हिल, फेनर्गनसारख्या गुंगी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या औषधाचं इंजेक्शन म्हाताऱ्या मेंदूला आणखी गोंधळात टाकू शकतं. मग काय करायचं? १९९९ साली येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनोये यांनी सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास छापला. झोपेसाठी त्यांचे उपाय होते गरम दूध, मंद संगीत आणि पाठ चोळणं. जोडीला चालवणं, पाणी पाजणं, गप्पा मारणं आणि चष्मा-मशीन. नेहमीच्या काळजीत भ्रम झाला १५ टक्क्यांना, हे उपाय केलेल्यांत ९.९ टक्क्यांना. ते रुग्ण मेडिकल वॉर्डातले होते, पण हीच पद्धत पुढे शस्त्रक्रियेच्या वॉर्डांतही आली. आणि एकदा भ्रम झाल्यावर त्याची तीव्रता या उपायांनी फारशी घटली नव्हती. म्हणून पाठ पहिल्या रात्रीपासूनच चोळा. आपल्याकडे खाटेशेजारी माणूस असतोच. तो बहुतेक वेळ मोबाईल बघत असतो, एवढंच.

पाण्याचंही तसंच. रात्री बारापासून पाण्याचा थेंब नाही, अशी पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साधं पाणी सहसा चालतं. तुमच्या पेशंटला चालेल का, ते विचारा. नंतर आजी स्वतःच पाणी टाळतात, कारण बेडपॅन मागायची लाज वाटते. अशा वेळी घोट-घोट पाजावं लागतं.

दुखणंही लपवलं जातं. ‘‘सहन करते मी’’ या वाक्यावर विश्वास ठेवू नका. दबलेली वेदनाही भ्रम ओढवते.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे ‘आज शांत आहे, झोपू दे’. आरडाओरडा करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो, गप्प पडलेला कुणालाच दिसत नाही. भ्रम मात्र त्यालाही असू शकतो. वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार… आजी मराठी महिन्यांत पक्क्या असतील तर फाल्गुनापासून मागे. काल जमत होतं आणि आज अडखळतात, तर लगेच डॉक्टरांना कळवा.

तरीही भ्रम झालाच, तर ‘‘अहो, ही अक्का नाही, तुमची मुलगी आहे’’ असं भांडू नका. हात बांधायला लावू नका, त्याने बिथरणं वाढतं. दिवा लावा, हात धरा, नाव सांगा, कुठे आहोत ते सांगा. मग सिस्टरांना विचारा: ऑक्सिजन किती, शुगर किती, सोडियम तपासलंय का, लघवी तुंबलीय का, पोट कधी साफ झालं, ताप आहे का? लघवीची नळी कधी काढणार, हेही रोज विचारा.

आईचं चौथ्या दिवशी पुष्कळ निवळलं. काहींना कित्येक आठवडे लागतात. डिस्चार्ज कार्डावर मी ‘डिलिरियम झाला होता’ असं लिहून घेतलं. पुढच्या वर्षी मोतीबिंदूच्या वेळी ते कार्ड सगळ्यात वर ठेवलं होतं.